ओव्हरहॉलच्या यादीतले सॉफ्टवेअर

खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रात आज पाच संच उभे आहेत. पहिले दोन २१० मेगावॅटचे, १९८९ आणि १९९० साली सुरू झालेले. तिसरा आणि चौथा तेवढ्याच क्षमतेचे, पण २००० आणि २००१चे. पाचवा ५०० मेगावॅटचा, २०११चा. सगळे मिळून १,३४० मेगावॅट. नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, सिल्लेवाड्याच्या कोळसा खाणीशेजारी वसलेल्या या गावाबद्दल लिहिणारे बहुधा कोळसा, राख, पाणी आणि जमीन यांबद्दल लिहितात, आणि ते रास्तच आहे. पेंचचे पाणी आणि वारेगावची राख हे इथल्या माणसांच्या जगण्याचे प्रश्न आहेत. मात्र या संचांच्या जन्मसालांकडे नीट पाहिले तर आणखी एक इतिहास हाती लागतो. १९८९ म्हणजे तारा, रिले आणि कागदावर रेघ ओढणाऱ्या यंत्रांचा शेवटचा बहर. २००० म्हणजे संगणकाच्या पडद्याने कंट्रोल रूमची भिंत गिळायला घेतली तो काळ. आणि २०११ म्हणजे स्टक्सनेट या व्हायरसनंतरचे वर्ष, कारखान्याचे सॉफ्टवेअर हेच हल्ल्याचे ठिकाण होऊ शकते हे जगाला कळून चुकल्यानंतरचे. संगणकव्यवस्था सांभाळणाऱ्यांच्या धंद्याची तीन युगे एका आवारात शेजारी शेजारी उभी आहेत.

सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हटले की पुण्या-मुंबईतले काचेचे ऑफिस, थंडगार सर्व्हर रूम आणि महिन्याच्या महिन्याला अपडेट चढवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. त्या धंद्याचा इतिहासही अमेरिकेतल्या विद्यापीठांपासून सांगितला जातो. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात लिहिलेले नोंदी ठेवणारे सिसलॉग, डेव्हिड मिल्स यांनी १९८५च्या सुमारास घडवलेली घड्याळे जुळवण्याची एनटीपी पद्धत, लॅरी वॉल यांचा त्याच वर्षीचा, फाइलीत बदल चढवणारा पॅच हा छोटासा प्रोग्रॅम. हे सगळे खरे आहे. तरीही पॉवर हाऊसमध्ये संगणक सांभाळणाऱ्याचे खरे पूर्वज वेगळे आहेत असे माझे म्हणणे आहे. ते बॉयलर, टर्बाइन आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसांत शोधावे लागतात. नोंद कशी ठेवावी, चालू यंत्राला हात कधी लावावा, कुणाच्या सहीने लावावा आणि काम झाल्यावर यंत्र परत कसे स्वाधीन करावे, हे त्यांनी संगणक येण्याच्या कितीतरी आधी ठरवून ठेवले होते. सॉफ्टवेअर अपडेट ही त्याच शिस्तीतली गोष्ट आहे. ज्या दिवशी तिला ऑफिसातल्या संगणकाचे किरकोळ काम मानले गेले, त्या दिवसापासून अडचणी सुरू झाल्या.

खापरखेड्यात वीज निर्माण होऊ लागली ती १९८९च्या बरीच आधी. १९५०च्या दशकात, हा भाग जुन्या मध्य प्रदेशात होता तेव्हाच, इथे लहान संचांचे औष्णिक केंद्र होते. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, आणि ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन हे केंद्र महानिर्मितीकडे गेले. मालक बदलले, पाट्या बदलल्या, पण तीन पाळ्यांचा कारभार आणि तासागणिक भरायची लॉगशीट बदलली नाही. लोड किती, मुख्य वाफेचा दाब किती, तापमान किती, ड्रममधली पाण्याची पातळी, कंडेन्सरचे व्हॅक्यूम, बेअरिंगची कंपने, पंख्यांचे अँपिअर. आकडे नेहमीचेच, म्हणून कंटाळवाणे. पण पाळी संपताना शिफ्ट इंचार्ज लॉगबुकात जे चार-सहा ओळींचे लिहितो, त्यावर पुढच्या आठ तासांचे सगळे निर्णय उभे असतात. अमुक मिल बंद ठेवली आहे, तमुक व्हॉल्व्ह हाताने चालवावा लागतो आहे, अमक्या सिग्नलवर भरवसा ठेवू नका. जगभरच्या सर्व्हर रूममध्ये आज बदलांची नोंद ठेवण्यासाठी जी सॉफ्टवेअरे विकली जातात, त्यांचा गाभा या ओळींतच आहे.

या शिस्तीला कायद्याचा कणा आहे, आणि तो संगणकापेक्षा फार जुना आहे. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. मग प्रांतोप्रांती वेगवेगळे नियम झाले आणि त्या गोंधळाला वैतागून १९२३ साली सगळ्या देशासाठी एक बॉयलर कायदा आला. त्याने घातलेली अट साधी होती: बॉयलरला मिळणारे प्रमाणपत्र बारा महिन्यांहून अधिक चालणार नाही. २०२५ साली संसदेने नवा कायदा करून तो बदलला, पण शंभर वर्षे पॉवर हाऊसचे पंचांग त्या बारा महिन्यांवर चालले. बॉयलर थंड करायचा, रिकामा करायचा, आतून साफ करायचा, बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकाला दाखवायचा, पाण्याच्या दाबाची चाचणी द्यायची. त्यासाठी संच बंद ठेवावाच लागतो, आणि बंद ठेवायचाच आहे तर बाकीची राहिलेली कामेही त्यातच उरकायची, यातून वार्षिक ओव्हरहॉल नावाची प्रथा पक्की झाली. महाराष्ट्रात ते बहुधा पावसाळ्याकडे ढकलले जाते, कारण शेतीपंप आणि पंखे-कूलर यांची मागणी तेव्हा उतरलेली असते. दर काही वर्षांनी टर्बाइन उघडायचे मोठे ओव्हरहॉल येते. आज अपडेटसाठी संच कधी मिळेल या प्रश्नाचे उत्तर १९२३च्या कायद्याने घडवलेल्या या पंचांगात आहे; सॉफ्टवेअर कंपनीच्या वेळापत्रकात ते सापडत नाही.

ओव्हरहॉलइतकीच महत्त्वाची गोष्ट परमिटची. समजा फीड पंपाच्या मोटरवर काम करायचे आहे. मेंटेनन्सचा माणूस थेट पान्हा घेऊन जात नाही. तो परमिट मागतो. ऑपरेशनवाले पंप बंद करतात, ब्रेकर बाहेर ओढतात, व्हॉल्व्ह मिटतात, कुलूप लावतात, लाल टॅग अडकवतात आणि मगच कागदावर सही होते. काम संपले की परमिट परत करायचे, टॅग काढायचे, चाचणी घ्यायची आणि यंत्र ऑपरेशनच्या स्वाधीन करायचे. परमिट परत आल्याशिवाय ब्रेकर आत जात नाही, मग वरून कितीही फोन येवोत. या पद्धतीत एक शहाणपण दडलेले आहे: यंत्र दुरुस्त करणारा आणि यंत्र चालवणारा वेगळे असतात, आणि क्षणाक्षणाला यंत्र कुणाच्या ताब्यात आहे हे कागदावर असते. संगणकाच्या जगात हेच शहाणपण फार उशिरा आले. एकाच माणसाकडे सगळे पासवर्ड, तोच बदल करणार, तोच तपासणार आणि तोच ठीक झाले म्हणून सांगणार, असा कारभार मोठमोठ्या कंपन्यांत वर्षानुवर्षे चालला.

आता संगणक आत कसा आला ते पाहू. १९७५ साली अमेरिकेत हनीवेलने आणि जपानात योकोगावाने विकेंद्रित नियंत्रण प्रणाली, म्हणजे डीसीएस, बाजारात आणली. भारतातल्या वीज केंद्रांत ती रुजायला वेळ लागला. १९८०च्या दशकात देशभर उभ्या राहिलेल्या २१० मेगावॅटच्या संचांत नियंत्रणाचा मुख्य भार तारांवर, रिलेंवर आणि वेगवेगळ्या इलेक्ट्रॉनिक कार्डांवर होता. भट्टीतली ज्योत विझली, ड्रमची पातळी घसरली, तर इंधन तोडणारे संरक्षण रिलेंच्या रांगांतून चाले. संगणक होता तो आकडे गोळा करायला आणि छापायला. त्याच्यावर कुणी विसंबत नसे, आणि त्याला कारण होते. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक अलार्म वाजले आणि संगणकाचा प्रिंटर घटनांच्या दोन तासांहून अधिक मागे पडला. जगातल्या प्रत्येक कंट्रोल रूमने हा धडा घेतला.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत चित्र पालटले. २००० साली सुरू झालेल्या आणि २०११ साली सुरू झालेल्या संचांमधल्या काळात डीसीएस हीच मज्जासंस्था झाली. जुन्या संचांतही नूतनीकरणाच्या नावाखाली पॅनेल उतरली आणि पडदे चढले. त्यातून एक बारीकसा पण घातक फरक पडला. पूर्वी एखाद्या इंटरलॉकची चाचणी घेताना इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक टर्मिनलवर वायरचा तुकडा लावून सिग्नल शॉर्ट करी. तो तुकडा डोळ्यांना दिसे. पॅनेल उघडणाऱ्या दुसऱ्या माणसाला विचारता येई की ही वायर इथे का. आता तेच काम इंजिनिअरिंग स्टेशनवर बसून होते. सिग्नल फोर्स करायचा, म्हणजे खरे मोजमाप काहीही असले तरी प्रणालीने आपण दिलेला आकडा खरा मानायचा. तीन ट्रान्समीटरांपैकी दोघांनी धोका सांगितला तर संच ट्रिप करायचा, म्हणजे तत्काळ बंद पाडायचा, या तर्कातला एक ट्रान्समीटर असा फोर्स करून ठेवला आणि चाचणीनंतर काढायचा राहिला, तर उरलेल्या दोघांनाही एकाच वेळी धोका दिसावा लागतो, आणि त्यातला एक बिघडलेला असेल तर संरक्षण गेलेच. बाहेरून काहीही दिसत नाही. पडदा हिरवा, लोड पूर्ण. म्हणून चांगल्या पॉवर हाऊसमध्ये बायपास केलेल्या सिग्नलांचे वेगळे रजिस्टर असते, त्यात कुणी, कधी, कशासाठी फोर्स केले आणि कधी काढले हे लिहावे लागते, आणि पाळी बदलताना ते वाचून दाखवले जाते. संगणकाने दिसेनासे केलेले काम पुन्हा डोळ्यांसमोर आणायचा हा उपाय जुन्या लॉगबुकातूनच आला. माझ्या म्हणण्याला याहून ठळक पुरावा मला दिसत नाही.

सहस्रकाच्या बदलाचा प्रसंगही इथेच आठवतो. ३१ डिसेंबर १९९९ रोजी खापरखेड्याचे पहिले दोन संच जवळपास दहा वर्षांचे झाले होते आणि तिसरा सुरू व्हायला काही महिने उरले होते. वर्षाचे शेवटचे दोनच अंक लक्षात ठेवणारी घड्याळे मध्यरात्री गोंधळतील म्हणून देशभरच्या वीज केंद्रांत तारीख वापरणारे प्रत्येक यंत्र तपासले गेले. रात्र सुखरूप गेली. देशात मोठा अंधार झाला नाही, आणि लगेच बोलले जाऊ लागले की सगळा बाऊ होता, साप म्हणून भुई धोपटली. हा आक्षेप आजही अपडेटच्या प्रत्येक चर्चेत डोके वर काढतो. त्याचे उत्तर बॉयलरच्या इतिहासात आहे. दरवर्षी तपासलेले बॉयलर फुटत नाहीत, यावरून तपासणी निरुपयोगी होती असे कुणी म्हणत नाही. तिथे १८६३चा स्फोट लोकांच्या स्मरणात होता, म्हणून कायद्याला कुणी हसले नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत स्फोट झालाच नाही, आणि जे टळले त्याचे श्रेय कुणालाच मिळाले नाही. देखभालीच्या धंद्याचे हे जुनेच दुखणे आहे आणि ज्यांनी त्या रात्री जागून काढल्या त्यांच्यावर तो अन्याय होता.

घड्याळाचा प्रश्न मात्र त्या रात्रीने संपला नाही. १ जुलै २००२ रोजी ग्रिडच्या पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दरपद्धती लागू झाली आणि दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे झाले. ग्रिडच्या हिशोबात आता तासाची लॉगशीट अपुरी पडू लागली. कोणत्या पंधरा मिनिटांत किती मेगावॅट दिले आणि तेव्हा वारंवारता ५० हर्ट्झच्या किती वर-खाली होती, यावर पैसे ठरू लागले. मग ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातला, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येतलाही ग्रिड कोसळला. ग्वाल्हेर-बिना वाहिनीपासून सुरू झालेल्या त्या घटनेत पश्चिम विभाग वेगळा पडून वाचला, विदर्भातली केंद्रे चालू राहिली. चौकशी समितीने नंतर जे दोष दाखवले, त्यात एक अगदी सामान्य वाटणारा होता: ठिकठिकाणच्या नोंदयंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळत नव्हती, त्यामुळे आधी काय तुटले आणि मागून काय, याचा क्रम लावणे अवघड गेले. मिलिसेकंदात नोंद करणारे यंत्र असूनही घड्याळ चुकीचे असेल तर त्या नोंदीची किंमत शून्य. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने आदेश काढला की संगणकांची घड्याळे एनआयसीच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवा, लॉग १८० दिवस सांभाळा, आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा. पुष्कळ कंपन्यांनी त्यावर जाचक म्हणून ओरड केली. लॉगबुकात खाडाखोड न करता वेळ टाकून लिहायची सवय असलेल्या पॉवर हाऊसला त्यात नवे वाटण्यासारखे फारसे नव्हते.

आता मुख्य आक्षेपांकडे वळतो. कंट्रोल रूममधून नेहमी ऐकू येणारा पहिला आक्षेप असा: आमची प्रणाली बाहेरच्या नेटवर्कला जोडलेलीच नाही, मग अपडेटची उठाठेव कशाला? यात तथ्य आहे. सप्टेंबर २०१९मध्ये कुडनकुलमच्या अणुवीज केंद्रात व्हायरस सापडला तेव्हा तो प्रशासकीय कामाच्या संगणकात होता आणि नियंत्रण प्रणाली वेगळी असल्याने ती वाचली, असे अणुऊर्जा महामंडळाने सांगितले. वेगळेपणा उपयोगी पडतो. पण तो संपूर्ण असतो, हे मात्र मान्य करता येत नाही. २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट इराणच्या नतान्झमधल्या अणुकेंद्राच्या बंदिस्त नेटवर्कमध्ये शिरला, त्यात पेन ड्राइव्हचा वाटा होता. त्याने सेंट्रिफ्यूज बिघडवताना ऑपरेटरच्या पडद्यावर आधी टिपलेले चांगले आकडे फिरवत ठेवले. म्हणजे पडद्यावरून लॉगशीट भरणाऱ्याने सगळे उत्तम लिहिले असते. याला उतारा म्हणून जो सुचतो तो पुन्हा जुनाच: यंत्राशेजारी उभे राहून, गेजच्या काट्यावरून रीडिंग घेणारा फील्ड ऑपरेटर. पडद्यावरचा दाब आणि जाग्यावरचा दाब जुळत नाही हे त्यालाच कळते. ही फेरी आता कालबाह्य झाली म्हणून माणसे कमी करण्याकडे कल असतो, तो मला फार काळजीचा वाटतो.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूने, माहिती तंत्रज्ञान विभागातून येतो: अपडेट आले की लगेच चढवा, ओव्हरहॉलची वाट पाहत बसाल तर तोवर भोक उघडे राहील. याच्याही पाठीशी सज्जड पुरावा आहे. मायक्रोसॉफ्टने एका दोषावरचा पॅच १४ मार्च २०१७ रोजी दिला आणि १२ मे रोजी त्याच दोषाचा फायदा घेऊन वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभर संगणक कुलूपबंद केले. ५९ दिवस हातात होते. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या घातक सॉफ्टवेअरच्या तडाख्यात न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. पण घाईचाही इतिहास आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने विंडोज चालवणारे सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले; विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले, आणि संगणक सावरायला बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापुढे बसून फाइल काढून टाकावी लागली. ते अपडेट कुणा शत्रूचे नव्हते, राखणदाराचेच होते.

पॉवर हाऊसच्या जवळचे उदाहरण मात्र डीकॉमचे आहे, आणि ते जरा बारकाईने सांगण्यासारखे आहे. डीसीएसमधले आकडे दुसऱ्या संगणकांना, म्हणजे इतिहास साठवणाऱ्या सर्व्हरला, कार्यक्षमता काढणाऱ्या सॉफ्टवेअरला, लोड डिस्पॅच केंद्राला पाठवायच्या माहितीच्या यंत्रणेला द्यावे लागतात. १९९६ साली त्यासाठी ओपीसी हे मानक ठरले आणि ते मायक्रोसॉफ्टच्या डीकॉम या यंत्रणेवर उभे केले गेले. जगभरच्या कारखान्यांत ते पसरले. जून २०२१मध्ये डीकॉममधला सुरक्षेचा दोष जाहीर झाला आणि मायक्रोसॉफ्टने तो टप्प्याटप्प्याने बुजवायचे ठरवले: ८ जून २०२१ला कडक तपासणी आली पण बंद ठेवलेली, १४ जून २०२२पासून ती आपोआप चालू, हवी तर बंद करायची मुभा, आणि १४ मार्च २०२३पासून ती मुभाही संपली. जिथे एका बाजूचा संगणक नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना होता, तिथे अपडेटनंतर दोघांचे बोलणे तुटण्याचा धोका होता. संच त्याने ट्रिप होत नाही. आकडे गोठतात किंवा येणे थांबतात, आणि गोठलेला आकडा खरा समजून कुणी निर्णय घेतला तर नुकसान मागाहून कळते. सुटीच्या दिवशी आपोआप चढलेले अपडेट इथे घात करते. पण पावणेदोन वर्षांची पूर्वसूचना होती. दरवर्षी एक ओव्हरहॉल येते; म्हणजे बदल बसवायची, चाचणीच्या संगणकावर आधी पाहायची, आणि नाही जमले तर परत फिरायची निदान एक संधी प्रत्येक संचाला मिळण्यासारखी होती. ज्याच्या कामाच्या यादीत ही तारीख आधी लिहिलेली होती, त्याचे काम सोपे झाले.

म्हणून लगेच की उशिरा हा वादच मला चुकीच्या जागी घातलेला वाटतो. बॉयलरची नळी गळायला लागली तर ओव्हरहॉलची वाट कुणी पाहत नाही, संच उतरवला जातो. सील थोडे झिजले असेल तर ते यादीत जाते आणि तोवर त्याच्यावर लक्ष ठेवले जाते. दोषाची तीव्रता, तो दोष आपल्या यंत्रापर्यंत पोहोचायची वाट, आणि तोवर करता येण्याजोगा तात्पुरता बंदोबस्त, या तीन गोष्टींवर निर्णय घ्यायची सवय मेकॅनिकल मेंटेनन्सला आहे. तीच सॉफ्टवेअरला लावायची. बाहेरच्या नेटवर्कला टेकलेला संगणक असेल तर पॅच काही दिवसांत. आतल्या कंट्रोलरचे फर्मवेअर असेल तर ओव्हरहॉलमध्ये, आणि तोवर यूएसबी पोर्ट बंद, फायरवॉलचे नियम घट्ट, बॅकअप ताजा. कुणी म्हणेल, डीसीएसमध्ये कंट्रोलर जोडीने असतात, एकावर अपडेट चढवताना दुसरा काम करतो, मग संच बंद करायची गरजच काय? जोडी असते ती एक बिघडला तर दुसऱ्याने सावरावे म्हणून. अपडेट चालू असेपर्यंत तो आधार नसतो, आणि नव्या सॉफ्टवेअरमध्येच दोष असेल तर तो दोन्हींत सारखाच जातो. चालू संचावर हे करता येते, कधी करावेही लागते, पण परमिट घेऊन आणि लोड डिस्पॅचला कळवून.

मुंबईचा १२ ऑक्टोबर २०२०चा अंधार या संदर्भात अजून पुरता समजून घेतला गेलेला नाही. मार्च २०२१मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता बोलून दाखवली; केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक असल्याचे सांगितले. कुणाचे खरे यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते असे, की अशा वादाचा निकाल लागायचा तर वेळ जुळवलेले, कुणी न बदललेले लॉग हाताशी हवेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. नियंत्रण प्रणाली इंटरनेटपासून अलग ठेवा, जबाबदार अधिकारी नेमा, उपकरणे विश्वासार्ह ठिकाणाहून घ्या असे त्यांत आहे. तत्त्वे चांगली आहेत. पण वरून आलेले परिपत्रक फाइलला लागते आणि ओव्हरहॉलची यादी हाताने वापरली जाते, हा फरक ज्यांनी पॉवर हाऊस चालवले त्यांना सांगायला नको. हाताच्या सवयीची किंमत संकटातही कळते: २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी उपकेंद्रांचे ब्रेकर दुरून उघडून सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज घालवली, तेव्हा ती काही तासांत परत आली ती माणसे उपकेंद्रात जाऊन हाताने ब्रेकर चढवू शकली म्हणून.

खर्चाचा आक्षेप शेवटी उरतो, आणि तो हलका नाही. संच पंचवीस वर्षे आणि त्याहूनही अधिक चालवायचा असतो. विंडोज एक्सपी २००१ साली आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिचा आधार संपला, विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे एका संचाच्या आयुष्यात ऑपरेटर स्टेशनची दोन-तीन पिढ्यांची बदली ठरलेलीच आहे. मूळ उत्पादकाने तपासून मंजूर केल्याशिवाय पॅच चढवता येत नाही, त्यासाठी वार्षिक करार लागतो, आणि तो महाग असतो. कोळशाचा भाव आणि मेरिट ऑर्डर (स्वस्त वीज आधी घेण्याचा क्रम) यांच्या ओझ्याखाली असलेल्या केंद्राला हा पैसा काढणे जड जाते. पण टर्बाइनच्या पात्यांची बदली कुणी आश्चर्य म्हणून पाहत नाही, कारण ती वर्षानुवर्षे आधी अंदाजपत्रकात असते. कंट्रोल आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या विभागाला ओव्हरहॉलच्या यादीत आजही ट्रान्समीटर तपासणे, ॲक्च्युएटर दुरुस्त करणे, केबल ट्रे साफ करणे यांसाठी दिवस मिळतात. त्यांच्याच खाली सॉफ्टवेअरच्या ओळी हव्यात: बॅकअप घेऊन तो दुसऱ्या यंत्रावर चढवून पाहणे, मंजूर पॅच बसवणे, बंद झालेली खाती काढणे, फोर्स केलेले सर्व सिग्नल शून्यावर आणणे, घड्याळे जुळवणे, आणि या सगळ्याची चाचणी ऑपरेशनच्या सहीने. प्रत्येक ओळीपुढे दिवस, माणूस आणि रक्कम. पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी, कारण आजवर कधी परत चढवून न पाहिलेल्या बॅकअपवर बाकीची एकही ओळ टिकत नाही.